२४० जीबीचा ईआरपी डेटाबेस: फुल, डिफरेन्शियल आणि लॉग बॅकअप कधी, किती वेळा?

भोसरीकर
नमस्कार. भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिथल्या ईआरपीचा (खरेदी, साठा, डिस्पॅच, हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस आता माझ्याकडे आलाय. सध्याची स्थिती अशी:

एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्ड, व्हर्च्युअल मशीनवर. डेटा फाइल २४० जीबी, त्यातली २१० जीबी वापरात. लॉग फाइल (प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) १९० जीबी. रिकव्हरी मॉडेल (लॉगमधल्या नोंदी किती जपायच्या ही सेटिंग) फुल. रोज रात्री ११ वाजता फुल (संपूर्ण डेटाबेसचा) बॅकअप त्याच सर्व्हरच्या ई ड्राइव्हवर जातो, कॉम्प्रेशनशिवाय, ५० मिनिटं लागतात. तीन दिवसांचे ठेवतो. लॉग बॅकअप घेतच नाही. लॉगची डिस्क भरत आली की मॉडेल सिम्पल (लॉगमधल्या नोंदी न जपणारं) करायचं, फाइल श्रिंक (छोटी) करायची, पुन्हा फुल करायचं, अशी पूर्वीपासूनची पद्धत.

पाळ्या तीन: सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११. रात्री ११ ला गेटवर डिस्पॅचची चलनं निघत असतात आणि नेमकं तेव्हाच सगळं मंद होतं. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी.

वरिष्ठांनी आता लेखी दिलंय की काहीही झालं तरी १५ मिनिटांपेक्षा जास्त काम जाता कामा नये आणि २ तासांत गेट सुरू झालं पाहिजे. २ टीबीचा नॅस (नेटवर्कवर जोडलेला साठा) मिळालाय, नेटवर्क १ गिगाबिटचं. वेळापत्रक कसं बांधू? फुल रोजच ठेवू की आठवड्याला एक? लॉग बॅकअप किती मिनिटांनी? नॅसवर हे सगळं मावेल का?

लॉगसाखळी
वरिष्ठांनी दोन आकडे लेखी दिले, यातच अर्धं काम झालं. बहुतेक ठिकाणी बॅकअपचं वेळापत्रक आधी बनतं आणि किती काम गेलेलं चालेल हा प्रश्न डेटा गेल्यावर विचारला जातो. तुम्ही त्या दोन आकड्यांवरून उलटं मागे येत चला.

आधी सगळ्यात मोठी गोष्ट. रिकव्हरी मॉडेल फुल आणि लॉग बॅकअप शून्य, म्हणजे खर्च फुलचा आणि संरक्षण सिम्पलचं. लॉगमधली वापरलेली जागा लॉग बॅकअप झाल्याशिवाय मोकळी होत नाही. फुल बॅकअपने ती होत नाही, कितीही वेळा घेतला तरी. म्हणून फाइल १९० जीबीवर गेली. सिस डॉट डेटाबेसेस या व्ह्यूमधला लॉग रियूज वेट डिस्क्रिप्शन हा कॉलम बघा, तिथे 'लॉग बॅकअप' असंच लिहिलेलं दिसेल. डिस्क पूर्ण भरली की एरर ९००२ येते आणि एकही नोंद होत नाही. आज काही बिघडलं तर तुमचं नुकसान १५ मिनिटांचं नाही, आदल्या रात्रीपासूनचं आहे. आणि ई ड्राइव्ह त्याच डिस्क संचावर असेल तर डेटा आणि बॅकअप एकदमच जातील.

सिम्पल करून परत फुल करण्याची पद्धत तर कायमची बंद करा. मॉडेल सिम्पल केलं त्या क्षणी लॉगची साखळी (एकापुढे एक लावता येणारे लॉग बॅकअप) तुटते. परत फुल केल्यावरही एक फुल किंवा डिफरेन्शियल बॅकअप होईपर्यंत साखळी सुरू होत नाही. नावाला मॉडेल फुल दिसतं, आतून वागणं सिम्पलचंच.

फक्त आता, एकदाच, हाच मार्ग वापरावा लागेल, कारण आत्ता पहिला लॉग बॅकअप काढलात तर तोच शंभर-दीडशे जीबीचा निघू शकतो आणि त्याचा उपयोग काही नाही. क्रम असा ठेवा: गुरुवारी आधी नॅसवर फुल बॅकअप. तो पडताळून झाला की मॉडेल सिम्पल, चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणारी आज्ञा), लॉग फाइल श्रिंक करून १६ जीबीच्या आसपास, वाढीचा टप्पा टक्क्यांत न ठेवता ठरावीक, ५१२ एमबी. मॉडेल परत फुल. लगेच दुसरा फुल बॅकअप, आणि तो संपला की लॉग बॅकअपचा जॉब (वेळापत्रकाने आपोआप चालणारं काम) सुरू. १६ जीबी हा अंदाज आहे. सगळ्यात मोठ्या टेबलाचा इंडेक्स रीबिल्ड (शोधसूचीची नव्याने बांधणी) होताना लॉग किती वाढतो ते बघून आकडा पक्का करा आणि त्यानंतर श्रिंकला हात लावू नका.

आता प्रकार.

डिफरेन्शियलबद्दल नेहमी गैरसमज असतो की कालच्या डिफरेन्शियलपासूनचे बदल त्यात येतात. तसं नाही. शेवटच्या *फुल*पासूनचे सगळे बदल येतात. एसक्यूएल सर्व्हर ६४ केबीच्या प्रत्येक तुकड्यामागे, म्हणजे एक्स्टेंटमागे, एक खूण ठेवतो. त्या एक्स्टेंटमधली एक ओळ बदलली तरी सगळे ६४ केबी डिफरेन्शियलमध्ये जातात. म्हणून आठवडाभर तो रोज वाढत जातो, पण रिस्टोर करताना, म्हणजे बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करताना, फक्त शेवटचा एक पुरतो. मधला एखादा खराब निघाला तरी फरक पडत नाही. लॉगचं नेमकं उलट आहे. मधली एक फाइल गेली की तिच्यापुढचं सगळं निरुपयोगी, एरर ४३०५ येते आणि गाडी तिथेच थांबते.

तुमच्यासाठी: फुल आठवड्यातून एकदा, डिफरेन्शियल दिवसातून दोनदा, पहाटे ३.३० आणि दुपारी ३.३०, लॉग दर ५ मिनिटांनी.

१५ मिनिटं सांगितलीत म्हणून लॉगही १५ मिनिटांनी, असं करू नका. एक बॅकअप चुकला तर नुकसान ३० मिनिटांचं होतं. ५ मिनिटांनी घेतलात तर लागोपाठ दोन चुकले तरी १५ च्या आसपास राहता. फाइली वाढतात, आकार वाढत नाही, कारण दिवसभरात तयार होणारा लॉग तेवढाच, तुकडे फक्त लहान. दिवसाला २८८ फाइली होतील. डिफरेन्शियल १२ तासांनी आहे, त्यामुळे वाईटात वाईट वेळी एक फुल, एक डिफरेन्शियल आणि १४४ लॉग लावावे लागतील. डिफरेन्शियल नसता आणि सहाव्या दिवशी बिघाड झाला असता, तर १७०० हून जास्त लॉग लावायचे होते.

फुल चालू असताना लॉगचा जॉब थांबवायची गरज नाही, दोन्ही एकत्र चालतात. फक्त फुल संपेपर्यंत लॉगमधली जागा मोकळी होत नाही. फुल आणि डिफरेन्शियल मात्र एकाच डेटाबेसवर एकदम चालत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वेळा एकमेकांवर येऊ देऊ नका.

प्रत्येक बॅकअपला कॉम्प्रेशन (फाइल दाबून लहान करणं) आणि चेकसम (डेटा खराब झालाय का ते पकडणारी बेरीज) हे दोन पर्याय हवेतच. कॉम्प्रेशनला सीपीयू लागतो, पण डिस्कवर आणि नेटवर्कवर लिहायचं कमी होतं. तुमची ११ वाजताची संथगती बहुधा एकाच डिस्कवरून वाचणं आणि तिच्यावरच लिहिणं यामुळे आहे.

रात्रपाळी
वरचं सगळं बरोबर. मी २ तासांच्या आकड्याबद्दल लिहितो, कारण तिथे पोळतं.

समजा सर्व्हर बसला आणि नव्या मशीनवर नॅसवरून रिस्टोर करायचं आहे. फुल फाइल कॉम्प्रेस होऊन ६० जीबी झाली असं धरू. ईआरपीचा डेटा साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो, पण ड्रॉइंगच्या पीडीएफ किंवा फोटो टेबलातच साठवले असतील तर एवढा दबणार नाही, तुम्ही मोजून बघा. १ गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबी मिळतात. म्हणजे फाइल वाचायला ९ ते १० मिनिटं. पण उघडून लिहायचे आहेत २१० जीबी. डिस्क सेकंदाला २०० एमबी लिहीत असेल तर १८ मिनिटं. इथवर ठीक.

आता जे कुणी मोजत नाही ते. रिस्टोर सुरू होण्याआधी फाइली तयार होतात आणि त्यात शून्यं भरली जातात. डेटा फाइल २४० जीबीची, म्हणजे आणखी २० मिनिटं. लॉग फाइल १९० जीबीची, म्हणजे आणखी १६. पडद्यावर शून्य टक्के दिसत राहतं आणि माणसं घाबरून रिस्टोर बंद करून पुन्हा सुरू करतात. तिथे परत पहिल्यापासून.

डेटा फाइलची २० मिनिटं वाचवता येतात. एसक्यूएल सर्व्हरच्या सर्व्हिस अकाउंटला विंडोजमध्ये 'परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स' हा हक्क द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. हा हक्क *नव्या* मशीनवरही दिलेला हवा, नेमका तोच राहून जातो. लॉग फाइलला मात्र ही सवलत नाही, २०१९ मध्ये तिच्यात शून्यं भरावीच लागतात. म्हणून १९० ची १६ जीबी करणं हा नुसता जागेचा प्रश्न नाही. १६ मिनिटांचं दीड मिनिट होतं. बॅकअपमध्ये लॉग फाइलचा मूळ आकार नोंदलेला असतो आणि रिस्टोर तेवढीच फाइल तयार करतो, आतून ती रिकामी असली तरी.

मग डिफरेन्शियल, मग लॉग. पाच मिनिटांचा लॉग लावायला काही सेकंद, १४४ फाइलींना अंदाजे १० ते १५ मिनिटं धरा. नव्या मशीनवर लॉगिन, ईआरपीचं कनेक्शन, छपाईच्या सेटिंग यांना अर्धा तास. सगळं मिळून दीड तासाच्या आत बसतं, पण मशीन तयार उभं असेल तरच. विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हर बसवण्यापासून सुरुवात करायची असेल तर २ तास विसरा.

आणि १४४ फाइली हाताने लावायच्या नाहीत. फोल्डर वाचून क्रमाने रिस्टोरच्या ओळी तयार करणारी स्क्रिप्ट आजच लिहून ठेवा, किंवा डीबीए-टूल्स या पॉवरशेलच्या संचातली रिस्टोरची आज्ञा वापरा, ती मोफत आहे. शेवटची फाइल सोडून प्रत्येक ठिकाणी 'विथ नोरिकव्हरी', म्हणजे पुढच्या फाइलींसाठी डेटाबेस न उघडता थांबतो. घाईत फुल नुसताच रिस्टोर केला की डेटाबेस उघडतो, बरं वाटतं, आणि मग त्यावर डिफरेन्शियल लागत नाही. पुन्हा १८ मिनिटं.

मास्टर आणि एमएसडीबी या एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसांचाही बॅकअप रोज घ्या. छोटे असतात. लॉगिन मास्टरमध्ये असतात, सगळे जॉब एमएसडीबीत. नव्या मशीनवर लॉगिन नव्याने बनवले तर त्यांचा एसआयडी (आतला ओळख क्रमांक) वेगळा होतो, डेटाबेसमधला युजर पोरका राहतो आणि ईआरपी 'लॉगिन फेल्ड' सांगत बसते.

भोसरीकर
दोघांचे खूप आभार. शून्यं भरण्याची गोष्ट मला माहीतच नव्हती.

चाचणी सर्व्हरवर करून बघितलं. मंगळवारी रात्री फुल, बुधवारी दुपारी डिफरेन्शियल. आज फुल 'नोरिकव्हरी'ने लावला, तो नीट लागला. डिफरेन्शियल लावताना एरर ३१३६ आली, डेटाबेस योग्य आधीच्या स्थितीत रिस्टोर झालेला नाही असा संदेश. दोन्ही फाइली पडताळणीत बरोबर आहेत. मधे मी कुठलाही बॅकअप घेतलेला नाही.

पान नऊ
तुम्ही घेतला नसेल, दुसऱ्या कुणीतरी घेतलाय. ३१३६ चा अर्थ एवढाच: हा डिफरेन्शियल तुम्ही लावलेल्या फुलवर बेतलेला नाही, त्यानंतरच्या दुसऱ्या फुलवर बेतलेला आहे.

एमएसडीबीमधलं बॅकअपसेट टेबल उघडा. त्या डेटाबेसच्या मंगळवार ते बुधवारच्या ओळी काढा. टाइप कॉलममध्ये डी म्हणजे फुल, आय म्हणजे डिफरेन्शियल, एल म्हणजे लॉग. सोबत 'इज स्नॅपशॉट', 'इज कॉपी ओन्ली' आणि युजरनेम हे कॉलम घ्या, आणि बॅकअप मीडिया फॅमिली टेबलातून फाइलीचा पत्ता जोडा.

भोसरीकर
सापडलं! बुधवारी पहाटे १.३० ला एक डी आहे. स्नॅपशॉटसमोर १, कॉपी ओन्लीसमोर ०. फाइलीच्या पत्त्याच्या जागी महिरपी कंसात लांबलचक अक्षरं-आकडे, ड्राइव्ह नाही, फोल्डर नाही. रोज पहाटे १.३० ला हेच दिसतंय.

पान नऊ
हा तुमच्या व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप. मशीनची प्रतिमा घेणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या व्हीएसएस या स्नॅपशॉट सेवेमार्फत एसक्यूएल सर्व्हरला क्षणभर थांबायला सांगतं आणि एसक्यूएल सर्व्हर ती घटना स्वतःच्या वहीत फुल बॅकअप म्हणून नोंदवतो. त्या क्षणी डिफरेन्शियलच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. पुढचा डिफरेन्शियल त्या प्रतिमेवर बेततो, जी तुम्हाला .बॅक फाइलसारखी रिस्टोर करता येत नाही.

यातली वाईट गोष्ट म्हणजे कुठलाही जॉब लाल होत नाही. डिफरेन्शियल रोज यशस्वी दाखवतो, पडताळणीही पास होते. ती वही उघडून बघितली नाही, तर रिस्टोर करेपर्यंत कळत नाही.

उपाय: मशीनचा बॅकअप बघणाऱ्यांना सांगा की या मशीनसाठी 'कॉपी ओन्ली' (डिफरेन्शियलच्या खुणा न पुसणारी नुसती प्रत) पर्याय चालू करा. अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो असतो. तिथेच लॉग ट्रंकेट (जुन्या नोंदी काढून मोकळा) करण्याचा किंवा लॉग बॅकअप घेण्याचा पर्याय असेल तर तो बंद हवा. नाहीतर लॉगचे काही तुकडे तुमच्या नॅसवर आणि काही त्यांच्या साठ्यात, अशी साखळी दोन घरांत वाटली जाईल. लॉग एकानेच घ्यायचा, हा नियम.

हेच माणसांनाही लागू. ईआरपीचा व्हेंडर चाचणीसाठी डेटा मागतो, कुणीतरी मॅनेजमेंट स्टुडिओ या एसक्यूएल सर्व्हरच्या साधनातून उजवं बटण दाबून फुल बॅकअप काढतो, पेन ड्राइव्हवर देतो आणि मूळ फाइल पुसतो. त्या आठवड्याचे पुढचे सगळे डिफरेन्शियल त्या पेन ड्राइव्हवर अवलंबून. असा बॅकअप देताना 'कॉपी ओन्ली'च्या चौकोनात टिक करायची, एवढंच. लॉगच्या साखळीला मात्र अशा जादाच्या फुलने धक्का लागत नाही. मंगळवारचा फुल आणि त्यानंतरचे सगळे लॉग शाबूत असते, तर बुधवारचा डिफरेन्शियल बाजूला ठेवून तुम्ही पुढे जाऊ शकला असता.

आणखी एक, गुरुवारच्या क्रमाबद्दल. इंडेक्स रीबिल्ड *आधी*, फुल *नंतर*. उलट केलंत तर रीबिल्डने जवळजवळ प्रत्येक एक्स्टेंट बदललेला असतो आणि पहिलाच डिफरेन्शियल फुलएवढा होतो. मग आठवडाभर तो तसाच. रीबिल्डच्या वेळी लॉग बॅकअपही फुगतील, तिथे घाबरू नका.

हिशेबनीस
नॅसवर मावेल का, हा प्रश्न तसाच राहिलाय. वरचे आकडे धरून गणित मांडतो.

फुल ६० जीबी. डिफरेन्शियल आठवड्याच्या सुरुवातीला ३ आणि शेवटी १२ असा वाढत गेला तर सरासरी ७.५, दिवसाला दोन, फुलच्या रात्रीचा एक सोडून १३, म्हणजे साधारण १०० जीबी. लॉग दिवसाला ४ जीबी धरले तर २८. आठवडा १९० जीबी. पाच आठवडे ९५० जीबी. प्रत्येक महिनाअखेरची एक प्रत वर्षभर ठेवलीत तर १२ गुणिले ६०, म्हणजे ७२०. एकूण १६७० जीबी. मावतंय, पण जेमतेम. जुनं पुसण्याआधी नवा फुल पूर्ण होऊन पडताळला गेला पाहिजे, त्यासाठी ६० जीबी कायम मोकळे हवेत. मी तर जुने डिफरेन्शियल दोन आठवड्यांनी काढून टाकीन. तिसऱ्या आठवड्यापूर्वीचा एखादा क्षण हवा असेल तर फुल आणि लॉग पुरतात, वेळ जास्त लागेल एवढंच. तीन आठवड्यांचे ३०० जीबी तिथेच सुटतात.

पाच आठवडे का, तर डेटाबेसमधली पानं खराब होणं लगेच दिसत नाही. चेकडीबी (डेटाबेसमधली पानं शाबूत आहेत का ते तपासणारी आज्ञा) महिन्यातून एकदा चालवता आणि बॅकअप दोन आठवड्यांचे ठेवता, तर चूक दिसेपर्यंत हातातला प्रत्येक बॅकअप त्या खराब पानासकट असू शकतो. चेकडीबीमधलं अंतर नेहमी साठवणुकीच्या मुदतीपेक्षा बरंच कमी हवं. तुमच्याकडे दर आठवड्याला.

कायद्याची बाजू वरिष्ठांना सांगा. कंपनी लेखा नियम २०१४ मध्ये ऑगस्ट २०२२ ला दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर *रोज* ठेवला गेला पाहिजे. आधी तिथे ठरावीक मुदतीने एवढंच होतं. त्यामुळे बाहेरची प्रत क्लाउडवर पाठवणार असाल तर मुंबई, पुणे, हैदराबाद अशी भारतातलीच जागा निवडा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबवह्या ८ आर्थिक वर्षं जपायच्या. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने. म्हणून ३१ मार्चच्या ताळेबंदानंतरची प्रत वेगळी काढा, ती या नॅसच्या हिशेबात धरू नका. आणि ८ वर्षांनी ती उघडायची तर नव्या आवृत्तीवर जुना बॅकअप लागतो, जुन्या आवृत्तीवर नवा कधीच लागत नाही, हेही लिहून ठेवा.

लॉगसाखळी
हिशेबनीसांनी बाहेरच्या प्रतीचा विषय काढला तर त्यावर थोडं. नॅस त्याच इमारतीत, त्याच नेटवर्कवर. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो आधी बॅकअपचं फोल्डर शोधतो. नॅसच्या शेअरवर लिहिण्याचा हक्क फक्त एसक्यूएल सर्व्हरच्या सर्व्हिस अकाउंटला द्या. डोमेन ॲडमिनलाही नको, तुमच्या रोजच्या लॉगिनला तर नकोच. मॅप केलेला झेड ड्राइव्ह वापरू नका. सर्व्हिसला तो दिसत नाही, आणि दिसावा म्हणून खटपट केलीत तर व्हायरसलाही सोपा होतो. पूर्ण नेटवर्क पत्ता द्यायचा.

पण सर्व्हरच ताब्यात गेला तर ते अकाउंटही गेलं. म्हणून तिसरी प्रत अशा ठिकाणी, जिथे लिहिता येतं पण ठरावीक दिवस पुसता येत नाही. क्लाउडमधल्या ऑब्जेक्ट लॉकसारख्या सोयी त्यासाठीच आहेत. तेवढं बजेट नसेल तर दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून: शुक्रवारी एक जोडायची, प्रत झाली की काढून दुसऱ्या इमारतीत न्यायची. जोडलेली राहिलेली डिस्क हा बॅकअप नाही.

बाहेर जाणारी प्रत एन्क्रिप्ट करा. एसक्यूएल सर्व्हर २०१४ पासून ती सोय बॅकअपमध्येच आहे आणि स्टँडर्डमध्ये चालते. मात्र ज्या सर्टिफिकेटने कुलूप लावलं, ते आणि त्याची खासगी किल्ली वेगळ्या फाइलीत काढून, पासवर्डसह, बॅकअपपासून *दूर* ठेवा. नव्या सर्व्हरवर सर्टिफिकेट नसेल तर एरर ३३१११ येते आणि त्या ६० जीबीचा काहीही उपयोग उरत नाही. कुणीही, कुठलीही कंपनी ती फाइल उघडून देऊ शकत नाही.

भोसरीकर
सगळं जुळवून असं ठरवतोय, चुकलं असेल तर सांगा.

गुरुवारी सकाळी १० ला इंडेक्स रीबिल्ड, दुपारी १ ला फुल. रोज ३.३० आणि १५.३० ला डिफरेन्शियल. लॉग दर ५ मिनिटांनी. जॉब अयशस्वी झाला तर मला ईमेल. मशीन बॅकअपवाल्यांनी कॉपी ओन्ली केलंय, आजच्या नोंदीत तसं दिसतंय.

रात्रपाळी
गुरुवारी सकाळी १० नको! आपल्याकडे महावितरणची देखभालीची कामं गुरुवारीच असतात. जनरेटर असला तरी अदलाबदलीत नॅस बसतो आणि फुल अर्धवट राहतो. रीबिल्ड गुरुवारी रात्री ८ ला, फुल १० ला लावा, सकाळची पाळी यायच्या खूप आधी संपेल.

याला जोडून दुसरं. वीज जाऊन सर्व्हर परत उठला की एसक्यूएल सर्व्हर एजंट (जॉब वेळेवर चालवणारी सर्व्हिस) आपोआप सुरू होतो का ते तपासा. स्टार्टअप 'मॅन्युअल' असेल तर ईआरपी चालू, डेटाबेस चालू, फक्त जॉब बंद. अयशस्वी झाल्याचा ईमेल येणार नाही, कारण जॉब चाललाच नाही. म्हणून अपयश कळवणारा ईमेल पुरत नाही. दुसऱ्या मशीनवरून दर १० मिनिटांनी एमएसडीबीला विचारायचं: शेवटचा लॉग बॅकअप किती वाजताचा? १५ मिनिटांपेक्षा जुना असेल तर फोनवर मेसेज. शिवाय नॅसवर ती फाइल खरोखर आहे का आणि शून्य आकाराची नाही ना, हेही.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचा (सॉफ्टवेअरचा कोड साठवणारी सेवा) डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हाचं त्यांनी स्वतःच उघडपणे मांडलंय. बॅकअपचा जॉब आवृत्ती जुळत नसल्यामुळे काही काळ अपयशी होत होता आणि अपयशाचे ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवरून ते सावरले, सहा तासांचा डेटा गेला.

पान नऊ
जॉबमध्ये डेटाबेसची नावं हाताने लिहू नका. व्हेंडर उद्या नवा डेटाबेस उभा करेल आणि तो यादीत नसेल. ओला हालेन्ग्रेन यांची मोफत स्क्रिप्ट वापरलीत तर 'युजर डेटाबेसेस' एवढं दिलं की नवे आपोआप येतात. तिच्यात 'चेंज बॅकअप टाइप' हा पर्याय 'वाय' ठेवा, म्हणजे नव्या डेटाबेसचा फुल झालेला नसेल तर डिफरेन्शियल किंवा लॉगच्या वेळी ती आधी फुल घेते. जुन्या फाइली पुसण्याची मुदत तिच्यात तासांत द्यायची असते, दिवसांत नाही. ३५ दिवस म्हणजे ८४०. ३५ लिहिलंत तर दीड दिवसात सगळं साफ.

रिस्टोरची तालीम महिन्यातून एकदा, दोन प्रकारची. पहिली: नवा फुल, शेवटचा डिफरेन्शियल, त्यानंतरचे सगळे लॉग दुसऱ्या मशीनवर, घड्याळ लावून. उघडल्यावर त्याच प्रतीवर चेकडीबी चालवा. उत्पादन सर्व्हरवर चालवलंत तर रात्रीच्या पाळीची माणसं मंद झाल्याची तक्रार करतील, आणि फुल बॅकअपमधली पानं जशीच्या तशी येत असल्यामुळे प्रतीवरची तपासणी तितकीच खरी. 'व्हेरिफाय ओन्ली'वर थांबू नका. फाइल वाचता येते आणि चेकसम जुळतात, एवढंच ते सांगतं.

दुसरी तालीम जास्त वेळा कामी येते. दुपारी ३.४२ ला कुणीतरी अट न लावता अपडेट चालवला आणि सगळ्या पुरवठादारांचे दर एकच झाले. डेटाबेस शाबूत आहे, आतला मजकूर गेलाय. इथे चालू डेटाबेसवर रिस्टोर करायचा नाही. एक साधा लॉग बॅकअप ताबडतोब घ्या. शेपटीचा (अजून बॅकअप न झालेल्या शेवटच्या लॉगचा), 'नोरिकव्हरी'सकट घ्यायचा नाही, त्याने चालू डेटाबेस तिथेच बंद पडेल. मग वेगळ्या नावाने, 'मूव्ह'ने फाइलींचे पत्ते बदलून, फुल, डिफरेन्शियल, लॉग, आणि शेवटच्या लॉगला 'स्टॉप ॲट' ३.४१. नक्की मिनिट माहीत नसेल तर 'स्टँडबाय' वापरा. डेटाबेस फक्त वाचण्यापुरता उघडतो, दर तपासता येतात, आणि बरोबर असतील तर पुढचं मिनिट लावता येतं. पुढे गेलात की मागे येता येत नाही, म्हणून एकेक मिनिट. मग त्या प्रतीतून दरांचं टेबल चालू डेटाबेसमध्ये आणा.

शेपटीचा लॉग बॅकअप लागतो तो डेटा फाइल गेली आणि लॉगची डिस्क वाचली तेव्हा. तिथे 'नो ट्रंकेट' देऊन लॉग काढता आला तर शेवटचं चलनही परत मिळतं. म्हणून डेटा आणि लॉग वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. सध्या कुठे आहेत?

भोसरीकर
दोन्ही डी ड्राइव्हवर. लॉगसाठी वेगळी डिस्क मागतो, गुरुवारी श्रिंक करतानाच हलवीन. वेळा रात्री ८ आणि १० केल्या. एजंट खरंच 'मॅन्युअल'वर होता, आत्ता बदलला.

रात्रपाळी
हलवताना एक लक्षात ठेवा. नव्या डिस्कच्या फोल्डरवर सर्व्हिस अकाउंटला पूर्ण हक्क आधी द्या. नाहीतर डेटाबेस ऑनलाइन येताना 'ॲक्सेस इज डिनाइड' येईल. आणि पहिली तालीम त्याच शुक्रवारी करा, साखळी नवीन असतानाच. लागलेला वेळ इथे टाका, १८ मिनिटांचा माझा अंदाज तुमच्या डिस्कवर किती खरा ठरतो ते बघू.